वारंवार लाल होणारा डोळा आणि शरीरात दडून राहणारा विषाणू

तंजावर : मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी येथील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेल्या आहेत. रुग्णाची तक्रार काय होती, कोणता उपचार करण्यात आला आणि त्याचा परिणाम काय झाला, याचा तपशील त्यांत आढळतो. काही नोंदींसोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. विषाणू ही संकल्पनाच त्या काळी अस्तित्वात नव्हती. तरीही प्रत्येक डोळ्याचा पूर्वेतिहास लिहून ठेवण्याची ही शिस्त आजच्या एका गुंतागुंतीच्या विकारात फार मोलाची ठरते. तो विकार म्हणजे शरीरात कायमचा मुक्काम ठोकलेल्या विषाणूमुळे पुन्हा पुन्हा होणारा नेत्रदाह.

या विकाराचा क्रम बहुधा सारखाच असतो. एक डोळा लाल होतो, दुखतो, पाणावतो, उजेड सहन होत नाही. ‘डोळे आले’ असे समजून औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. काही दिवसांत बरे वाटते आणि प्रसंग विसरला जातो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच डोळा पुन्हा लाल होतो. प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळा, औषध वेगळे आणि निदानही वेगळे असू शकते. मात्र प्रत्येक झटका डोळ्यात थोडी इजा मागे ठेवून जातो. या इजा साठत गेल्या की दृष्टी कायमची अधू होते.

बरा झालेला, पण न गेलेला संसर्ग

साध्या ‘डोळे येण्या’त आणि या विकारात मूलभूत फरक आहे. साथीत येणारे डोळे बहुतांशी अ‍ॅडेनोव्हायरसमुळे येतात. बहुधा एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांना लागण होते, घरातील इतरांनाही होते आणि एक-दोन आठवड्यांत ती ओसरते.

हर्पिस कुळातील विषाणूंचे वागणे निराळे आहे. त्यांतील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू बहुतेकांच्या शरीरात बालपणीच प्रवेश करतो. पहिला संसर्ग अनेकदा लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या आकडेवारीवर आधारित अंदाजानुसार, ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे या वयोगटातील ६४ टक्के लोकांना, या विषाणूच्या पहिल्या प्रकाराची लागण झालेली आहे. तापानंतर ओठांच्या कडेला उठणारे बारीक फोड हे त्याचे सर्वांत परिचित रूप होय.

फोड वाळतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याला आणि डोळ्याला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी कवटीच्या आत मज्जापेशींचा एक गुच्छ असतो. त्या पेशींत विषाणूचा जनुकीय धागा निद्रिस्त अवस्थेत पडून राहतो. या अवस्थेत तो जवळजवळ काहीच निर्माण करीत नसल्याने प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा लागत नाही. पुढे केव्हातरी तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा बाहेर येतो. ही वाट ओठापर्यंत गेली तर फोड येतात, डोळ्यापर्यंत गेली तर नेत्रदाह होतो. मज्जातंतू चेहऱ्याच्या एकेका बाजूचा असल्याने त्रास बहुधा एकाच डोळ्याला होतो.

सर्वाधिक लोकांच्या शरीरात असूनही हा विषाणू त्यांतील थोड्यांच्याच डोळ्यांना त्रास देतो, हे येथे नमूद करायला हवे. केवळ ओठांवर फोड येतात म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र एकदा डोळ्याला झालेला त्रास पुन्हा होऊ शकतो, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

डोळ्याच्या कोणत्या थरात काय घडते

डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. हर्पिसचा विषाणू त्याच्या वरच्या थरात वाढू लागला की तेथे झाडाच्या फांद्यांसारखी जखम उमटते. डोळ्यात विशिष्ट रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पाहिल्यास ही शाखायुक्त रेषा हिरवट चमकते. कापसाच्या बारीक धाग्याने स्पर्श केला असता पारपटलाची संवेदना कमी झाल्याचेही आढळते. त्यामुळे पुढच्या झटक्यांत डोळा गंभीररीत्या बिघडला असूनही दुखणे मात्र कमी असू शकते. ‘फारसे दुखत नाही’ म्हणून निश्चिंत राहणे अशा वेळी धोक्याचे ठरते.

पारपटलाच्या खोल थरातील दाह अधिक नुकसानकारक असतो. तेथे विषाणूइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, हानी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे होते. विषाणूच्या अवशेषांवर तुटून पडलेल्या पांढऱ्या पेशी पारदर्शक ऊतीलाही इजा पोहोचवितात. व्रण भरून येतो, पण पारदर्शकता परत येत नाही. मराठीत ज्याला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात, तो हाच पांढुरका डाग.

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला आणि त्याच्या मागील रक्तवाहिन्यांच्या थराला सूज आली की त्या विकाराला युव्हिआयटिस म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत. क्षयरोग, सांध्यांचे विकार आणि अन्य संसर्ग यांमुळेही तो होतो. दक्षिण भारतात लेप्टोस्पायरोसिसनंतरही तो आढळला आहे. मात्र दाह एकाच डोळ्यात असेल, झटक्याच्या वेळी डोळ्यातील दाब वाढत असेल आणि रंगीत पडद्याचा एखादा भाग विरळ झालेला दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांचा संशय हर्पिस कुळातील विषाणूंकडे वळतो. गरज भासल्यास डोळ्यातील द्रवाचा सूक्ष्म नमुना घेऊन पीसीआर चाचणीने विषाणूचा माग काढता येतो.

नागीण आणि ७२ तासांची मुदत

कांजिण्यांचा विषाणूही असाच आयुष्यभर मज्जापेशींत राहतो. वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तो नागिणीच्या रूपाने बाहेर येतो. कपाळ, पापणी आणि नाकाच्या एका बाजूला पुरळ उठले, तर त्या बाजूच्या डोळ्याला धोका असतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास हा धोका अधिक गंभीर मानला जातो, कारण नाकाच्या शेंड्याला आणि नेत्रगोलाला संवेदना पुरविणारी मज्जातंतूची शाखा एकच आहे.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज महाराष्ट्रात सर्वदूर आहे. प्रत्यक्षात पुरळ एका मज्जातंतूच्या क्षेत्रापुरते मर्यादित राहत असल्याने ते सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही. तमिळनाडूत या विकाराला ‘अक्की’ म्हणतात आणि गेरूने अंगावर आकृत्या रेखाटून घेण्याची प्रथा ग्रामीण भागात आहे. पुरळ काही आठवड्यांत आपोआप ओसरत असल्याने अशा उपायांवरचा विश्वास टिकून राहतो. पण विषाणुरोधक गोळ्यांचा सर्वाधिक लाभ पुरळ उठल्यापासून ७२ तासांत त्या सुरू केल्यास होतो. ही मुदत घरगुती उपायांत गेली आणि पुरळ चेहऱ्यावर असले, तर किंमत डोळ्याला मोजावी लागू शकते. ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी नागिणीची प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे.

एकच औषध, दोन परिणाम

या विकारातील सर्वांत मोठा धोका औषधाच्या दुकानातच असतो. लाल डोळ्यासाठी मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइड सूज आणि लाली झपाट्याने कमी करते, म्हणून रुग्णाला आराम पडतो. पारपटलाच्या वरच्या थरात विषाणू वाढत असेल, तर तेच औषध त्याला मोकळे रान देते. फांद्यांसारखी बारीक जखम पसरून मोठा व्रण होतो. स्टिरॉइडयुक्त थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही जुनी बाटली दाखवून तेच औषध पुन्हा घेण्याची सवय सार्वत्रिक आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासारख्या भातशेतीच्या पट्ट्यात ही गुंतागुंत आणखी वाढते. कापणी आणि मळणीच्या वेळी भाताचे तूस किंवा पात डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होतो. कोकणातील आणि पूर्व विदर्भातील भात उत्पादकांनाही हाच धोका असतो. बुरशी, जिवाणू आणि विषाणू या तिन्हींचे व्रण सामान्य माणसाला सारखेच दिसतात, उपचार मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. बुरशीच्या व्रणातही स्टिरॉइड घातक ठरते.

याचा अर्थ स्टिरॉइड सर्वथा वर्ज्य आहे, असा नव्हे. पारपटलाच्या खोल थरातील हर्पिसजन्य दाहात विषाणुरोधक औषधाच्या जोडीने दिलेले स्टिरॉइड दाह आटोक्यात आणते, हे अमेरिकेतील ‘हर्पेटिक आय डिसीज स्टडी’ या बहुकेंद्री अभ्यासाने १९९४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे एकाच विषाणूच्या एका रूपात जे औषध अपायकारक, तेच दुसऱ्या रूपात आवश्यक ठरते. कोणते रूप आहे, हे स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शी यंत्राखाली तपासल्याशिवाय कळत नाही.

लाली न येता होणारा दाह

विषाणूने दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागील प्रकाशग्राही पडद्यावर हल्ला केल्यास डोळा बाहेरून स्वच्छ दिसू शकतो. हर्पिस कुळातीलच सायटोमेगॅलो विषाणू निरोगी शरीरात निमूटपणे राहतो. एचआयव्हीमुळे रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या प्रति घनमिलिमीटर ५० च्या खाली गेली की तो दृष्टिपटल कुरतडू लागतो. डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगणे, प्रकाशाच्या चमका दिसणे किंवा दृष्टीचा एखादा भाग झाकोळणे एवढीच लक्षणे जाणवतात. कित्येकदा तीही जाणवत नाहीत.

भारतातील एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये तमिळनाडूतच झाली. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली ती तपासणी झाली होती. एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार एप्रिल २००४ मध्ये ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा समावेश होता. या औषधांमुळे दृष्टिपटलाचा हा विकार पुष्कळ कमी झाला. मात्र त्यातून एक विरोधाभासही पुढे आला. औषधांनी प्रतिकारशक्ती सावरली की काही रुग्णांत ती डोळ्यातील जुन्या विषाणूवर नव्या जोमाने तुटून पडते आणि डोळ्यात पुन्हा सूज येते. रक्ताचे अहवाल सुधारत असताना दृष्टी मंदावत असेल, तर एचआयव्हीबाधितांनी ते औषध बंद करण्याचे कारण समजू नये. ते तातडीने नेत्रतपासणी करण्याचे कारण आहे.

तरुण व्यक्तीला अचानक नागीण झाल्यास डॉक्टर एचआयव्ही चाचणी सुचवितात, त्यामागेही प्रतिकारशक्ती घटल्याची शंका असते.

डोळाच आश्रयस्थान का ठरतो

दाहामुळे दृष्टी जाऊ नये, यासाठी डोळ्याच्या आत प्रतिकारशक्तीवर निसर्गतःच काही बंधने असतात. हे संरक्षण विषाणूंच्याही पथ्यावर पडते. पश्चिम आफ्रिकेतील २०१४ च्या इबोला साथीत बाधित होऊन बऱ्या झालेल्या एका अमेरिकी डॉक्टरच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाल्यानंतर नऊ आठवड्यांनी त्याच्या डोळ्यातील द्रवात जिवंत विषाणू सापडला. दाहादरम्यान त्याच्या निळ्या डोळ्याचा रंगही हिरवट झाला होता.

रुबेला विषाणूचा संबंध फुक्स युव्हिआयटिस या वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या विकाराशी आढळला आहे. अमेरिकेत रुबेलाची लस रूढ झाल्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांत या विकाराचे प्रमाण घटले. भारतात गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेला फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रारंभ झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात तमिळनाडू आणि गोव्याचाही समावेश होता.

डोळ्याचा इतिहास आणि पुढचा झटका

हर्पिसजन्य नेत्रविकारावर पहिले परिणामकारक विषाणुरोधक औषध १९६२ मध्ये वापरात आले. त्यानंतर आलेल्या असायक्लोव्हिरने उपचारांचे स्वरूप पालटले. या औषधाच्या विकासात मोलाचा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. हे औषध विषाणूची वाढ रोखते, पण मज्जापेशीत निद्रिस्त असलेल्या विषाणूला स्पर्श करू शकत नाही. त्यामुळे संसर्ग मुळापासून काढून टाकणारा उपचार आजही उपलब्ध नाही. पुढचे झटके टाळणे, हेच उद्दिष्ट असते.

ते शक्य असल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून स्पष्ट झाले. ‘हर्पेटिक आय डिसीज स्टडी’च्याच या टप्प्यात ७०३ रुग्ण सहभागी होते. वर्षभर असायक्लोव्हिरच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांना डोळ्याचा त्रास पुन्हा झाला. औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. गोळ्या थांबविल्यावर मात्र हे संरक्षण उरत नाही. म्हणून कोणाला दीर्घकाळ औषध द्यायचे, हे ठरविणे महत्त्वाचे ठरते.

तो निर्णय डोळ्याच्या इतिहासावर अवलंबून असतो. ज्यांच्या पारपटलाच्या खोल थराला पूर्वी दाह झाला होता, त्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता सुमारे दहापट अधिक असल्याचे याच अभ्यासात आढळले. पहिला झटका वरच्या थरात होता की खोल थरात, एवढी एक जुनी नोंद हाती असेल, तर पुढील उपचारांची दिशा बदलू शकते.

मानवी स्मरणशक्ती किती फसवी असते, हेही या अभ्यासातून दिसले. ताणतणावामुळे त्रास उलटतो, असे अनेक रुग्णांना वाटते. सहभागी रुग्णांनी दर आठवड्याला ताण, ऊन, आजारपण यांची नोंद ठेवली. वेळच्या वेळी भरलेल्या नोंदींत ताण आणि झटका यांचा संबंध आढळला नाही. झटका येऊन गेल्यावर उशिरा भरलेल्या नोंदींत मात्र ताण अधिक असल्याचे लिहिलेले होते. त्रास झाल्यानंतर माणूस मागे वळून कारण शोधतो, असा याचा अर्थ होतो. वेळीच लिहिलेली ओळ नंतरच्या आठवणीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

तंजावरच्या नोंदींचे महत्त्व

या दृष्टीने तंजावरचा वारसा उल्लेखनीय आहे. १७७७ मध्ये जन्मलेले सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या कराराने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिक्षण झालेल्या या राजाने उर्वरित आयुष्य ग्रंथसंग्रह, कला आणि विज्ञानाला वाहिले. त्यांच्या ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय या वैद्यकपद्धतींचा एकत्र अभ्यास होत असे. अनुभवास उतरलेले उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ पद्यग्रंथमालेत संकलित करण्यात आले आणि त्यात नेत्ररोगांवरील भागही आहे. सरफोजी यांचे १८३२ मध्ये निधन झाले.

नेत्ररुग्णांच्या नोंदींत मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियांचा भाग मोठा आहे. राजघराण्याचे वंशज बाबाजीराजे भोसले यांनी २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांना या कागदपत्रांची माहिती दिली आणि त्यानंतर नेत्रतज्ज्ञांचे त्यांकडे नव्याने लक्ष वेधले गेले. त्या नोंदींतील एखाद्या लाल डोळ्याचे कारण विषाणू होता की अन्य काही, हे आज ठरविणे उचित नाही. रोगाचे कारण ठाऊक नसतानाही डोळ्याची स्थिती लिहून आणि रेखाटून ठेवली गेली, हेच त्यांचे वैशिष्ट्य होय.

कोणती खबरदारी आवश्यक

राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणात (२०१५-१९) ५० वर्षांखालील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण खुपरीखेरीज अन्य कारणांनी आलेली पारपटलाची अपारदर्शकता हे असून, तिचे प्रमाण ३७.५ टक्के आढळले. यामागे इजा, बुरशी, जिवाणू आणि विषाणू अशी विविध कारणे आहेत. पारपटलाचे प्रत्यारोपण हा अखेरचा उपाय असतो. हर्पिसच्या रुग्णात मात्र मज्जापेशींतील विषाणू कायम असल्याने प्रत्यारोपित पटलावरही त्रास उलटू शकतो. म्हणूनच प्रारंभीच्या झटक्यांतील योग्य निदानाला पर्याय नाही.

लाल डोळ्यासोबत वेदना, अंधुक दिसणे किंवा प्रकाश असह्य होणे यांपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जुन्या बाटलीतील थेंब किंवा दुसऱ्याला दिलेले औषध वापरू नये. पूर्वी तोच डोळा लाल झाला होता का, ओठांवर फोड येतात का, नागीण होऊन गेली आहे का आणि प्रतिकारशक्ती कमी करणारे कोणते औषध सुरू आहे का, ही माहिती डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास ती तत्काळ काढून ठेवावी. विषाणुरोधक गोळ्या दीर्घकाळ घ्यायच्या असल्यास मूत्रपिंडाच्या विकाराची कल्पना डॉक्टरांना द्यावी आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

या सर्वांसाठी एक साधी वही पुरेशी आहे. कोणता डोळा, कोणती तारीख, डॉक्टरांनी लिहिलेले निदान, वापरलेल्या थेंबांचे नाव आणि ते थांबविल्याचा दिवस एवढ्या पाच बाबी तिच्यात असाव्यात. जमल्यास मोबाइलवर डोळ्याचे छायाचित्र काढून ठेवावे. विषाणू वर्षानुवर्षे दडून राहू शकतो आणि या काळात डॉक्टर, गाव आणि औषध सारेच बदलू शकते. अशा वेळी त्याचा माग काढण्यासाठी नव्या डॉक्टरांच्या हाती ही वहीच असते.